एस्तेरच्या लग्नाला तिघांची हरकत

लग्नाला हरकत घ्यायला कोणी उभं राहिलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का? सिनेमातलं विचारत नाही. खऱ्या देवळात, भर उपासनेत, इस्त्रीचा शर्ट घातलेला, तुमच्या रोजच्या ओळखीचा माणूस?

मी पाहिला आहे. एक नाही, एकदम तीन. आणि ते तिघं माझ्यामुळे उभे राहिले होते.

मी उत्तर चेन्नईतल्या एका चर्चच्या कचेरीत कारकून आहे. नऊ वर्षं झाली. नोकरीच्या आठवणी लिहिण्याचं माझं वय नाही. पण संपादक म्हणाले, "वय लहान आहे, पण नोकरी विचित्र आहे, लिहा." नोकरी विचित्र आहे हे खरं. मराठी मंडळात बायका मला दर वेळी विचारतात, "चर्चमध्ये कामाला म्हणजे काय, घंटा वाजवतेस?" घंटा आमचे याकोब ताता, म्हणजे याकोब आजोबा, वाजवतात. मी कागद सांभाळते. माणूस मंडळीत येतो बाप्तिस्म्याने आणि जातो पुरल्यावर. या दोन नोंदींच्या मधे त्याला जे जे दाखले, अर्ज, हॉल आणि पत्रं लागतात, ती सगळी माझ्या टेबलावरून जातात. शिवाय दर शनिवारी रविवारचं सूचनापत्रक मीच लिहिते आणि छापते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख दोन महिने मागे न्यायला आले. म्हणाले, "देवाच्या दृष्टीने दोन महिन्यांनी काय फरक पडतो?" मी म्हटलं, "देवाला पडत नाही. शाळेला पडतो, म्हणून तर तुम्ही आलात." एक आजी स्वतःच्या कबरीची जागा राखून ठेवायला आल्या. नवऱ्याशेजारची जागा मोकळी आहे हे ऐकून खूश झाल्या. मग विचारलं, "आणि त्याच्या पलीकडे कोण?" मी नकाशा पाहून नाव सांगितलं. ते नाव आमच्या गायनमंडळातल्या एका फार सुरेल बाईंचं होतं. त्या अजून हयात होत्या, त्यांनी जागा आधीच राखली होती. आजी बराच वेळ नकाशा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला भिंतीकडे सरकवता येणार नाही का? मला मधे झोपायचं आहे." नवरा चौदा वर्षांपूर्वी पुरलेला होता.

अशा कचेरीत बसायला लागणारं शिक्षण मला घरीच मिळालं. माझे आजोबा नगरच्या बाजारात शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे. वडील पेरांबूरला रेल्वे कारखान्यात लागले आणि गेटवर कामगारांची पत्रकं वाटू लागले. अक्षरओळख मला दोन्हींवरून झाली. त्यामुळे प्रभूचं पुनरागमन आणि दिवाळीचा बोनस एकाच महिन्यात येणार, अशी लहानपणी माझी समजूत होती. अन्याय दिसला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि लिहायला बसले की उद्गारचिन्हं आपोआप येतात. एस्तेरच्या बाबतीत हे दोन्ही दोष एकत्र आले.

आधी रीत सांगते, कारण सगळा घोटाळा त्या रीतीतच झाला. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावं मोठ्याने वाचतात. अमका, अमक्याचा मुलगा, आणि तमकी, तमक्याची मुलगी. तमिळमध्ये याला 'ओलै' वाचणं म्हणतात, म्हणजे ताडाचं पान. पान जाऊन कागद आला, नाव राहिलं. नावं वाचून झाली की पाळक विचारतात, "या दोघांचं लग्न होऊ नये असं काही कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने आता सांगावं." आणि थांबतात. मनात पाच आकडे मोजतात. त्या पाच आकड्यांत माझ्या नोकरीत पंख्यांच्या घरघरीशिवाय कधी काही ऐकू आलं नव्हतं.

एस्तेर सव्वीस वर्षांची, अण्णा नगरच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन. तिथल्याच एक्सरे विभागातल्या जोएलशी तिचं लग्न ठरलं आणि ती ओलैचा अर्ज भरायला कचेरीत आली. अर्जात छापील रकाना आहे: वधूच्या वडिलांचं नाव. तिथे ती थांबली. मी बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. आईबापांच्या रकान्यात त्या वेळच्या पाळकांनी लिहून ठेवलं होतं, 'मंडळीचं लेकरू.'

एस्तेरची आई एन्नोरच्या एका शाळेत आया होती. बाप बंदरावर कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. पोर चार वर्षांची असताना आई आजाराने गेली. त्या शाळेत आमच्या मंडळीतल्या ग्रेस टीचर शिकवायच्या. नातेवाईक सापडेपर्यंत दोन दिवस ठेवते, म्हणून त्यांनी पोरीला घरी आणलं. ते दोन दिवस अजून चालू आहेत. टीचरनी लग्न केलं नाही. एस्तेर त्यांना सगळ्या जगासारखं 'टीचर'च म्हणते. कोणी विचारलं तर टीचर सांगतात, "माझ्याकडे राहते."

मी विचारलं, "एस्तेर, वडिलांच्या जागी काय लिहू?"

"टीचरना विचारा, अक्का."

टीचर म्हणजे ताठ पाठ, काळी छत्री आणि लाल पेन. माझं सूचनापत्रक त्या दर सोमवारी तपासून परत पाठवत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझं नाव नको. मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत. बिनलग्नाच्या बाईचं नाव आईच्या जागी वाचलं की ते भलताच अर्थ काढतील. इथल्या लोकांनी तो पूर्वीच काढून झाला आहे. आता पोरीच्या सासरी नको. तू कोणीतरी चांगला, संसारी माणूस बघ. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी आमच्या पाळकांकडे गेले. ते तरुण आहेत, तीन वर्षांपूर्वी आले, आणि नियमांवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. मी म्हटलं, "अय्या, रकाना रिकामा ठेवू. बाप नसला म्हणजे बाई अर्धी होते का?" पाच-दहा मिनिटं मी या विषयावर चांगली बोलले. ते शांतपणे म्हणाले, "रिकामा रकाना वरच्या कार्यालयातून परत येतो, करुणा." म्हणून पहिल्या रविवारी 'मंडळीचं लेकरू एस्तेर' असं वाचलं गेलं. सोमवारी जोएलच्या वडिलांचा फोन आला.

"मंडळीचं म्हणजे कोणाचं? लग्नात मुलीचा हात धरून कोण आणणार? माझे चाळीस नातेवाईक येणार आहेत. त्यांना दाखवायला एक माणूस द्या."

आता माझी हुशारी बघा. बाईला बापाची गरज नाही असं भाषण करणाऱ्या मी शनिवारी सूचनापत्रकात छापलं:

"बाप पाहिजे! आपल्या एस्तेरच्या लग्नात वडिलांच्या जागी उभं राहायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ओलै वाचली जाताच धैर्याने उभं राहावं!"

माझा बेत साधा होता. ओलै होईल, मग पाळक माझी सूचना वाचतील, मग कोणी ना कोणी उभं राहील, टाळ्या होतील. पाळकांनी रविवारी सकाळी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. मुलाकडचे आज देवळात येणार होते. पाळकांनी आपल्या प्रतीतल्या माझ्या सूचनेवर काट मारली आणि ती वाचायचीच नाही असं ठरवलं. बाकीच्या दोनशे प्रती लोकांच्या हातात आहेत, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

जोएलचे आईवडील उशिरा आले. सूचनापत्रकं संपली होती. ते पुढच्या बाकावर बसले. पाळकांनी ओलै वाचली, कारण विचारलं, आणि थांबले.

पहिला आकडाही मोजून झाला नसेल. गार्ड अंकल उभे राहिले. हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. वाचली 'जाताच' म्हणजे जाताच, त्यांच्या वेळापत्रकात सेकंदाचीही सूट नसते. ते उठलेले पाहून डाव्या बाजूला टेलर अंकल घाईने उठले, आपला नंबर जाईल म्हणून. आणि मागे, घंटेच्या दोराजवळ, देवळाचे राखणदार याकोब ताता तर आधीपासून उभेच होते. त्यांनी फक्त हात वर केला.

 पाळकांचा चेहरा पांढरा पडला. माईक चालू होता.

"तुम्हाला... कारण माहीत आहे?"

"एकच का, पुष्कळ आहेत," गार्ड अंकल छाती पुढे काढून म्हणाले. "मी तिला सायकल शिकवली. दोन गुडघे तिचे फुटले, एक माझा."

"तिचं लहानपणापासूनचं सगळं माप माझ्या वहीत आहे," टेलर अंकल ओरडले. "वर्षावर्षाचं! ह्यांच्याकडे आहे का?"

जोएलच्या आईने नवऱ्याचा हात धरला.

"मी काय सांगू?" मागून याकोब ताता म्हणाले. "पोरीला सगळं ठाऊक आहे."

तेव्हा चौथा माणूस उभा राहिला. ते जोएलचे वडील. त्यांनी कारण सांगितलं नाही. बायकोला घेऊन ते मधल्या वाटेने सरळ बाहेर गेले. पाळकांनी त्यानंतर मंडळीने एकमेकांवर आईबापासारखं प्रेम कसं करावं या विषयावर उपदेश केला. तो आठवडाभर आधी ठरलेला होता.

उपासना संपल्यावर मी पाळकांना सगळं समजावलं. "अय्या, हा गैरसमज आहे!"

"असेल. पण उठले म्हणजे उठले. हरकत घेतली गेली की चौकशी होते, जबाब लेखी घेतात, निकाल लागेपर्यंत तिसरी ओलै थांबते. गैरसमज झाला हेसुद्धा लेखी लागेल."

मी जोएलच्या वडिलांना फोन करून माफी मागितली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाप जाहिरात देऊन शोधता? आणि तीन सापडतात? तीन बाप म्हणजे एकही नाही, अम्मा. मला त्या मुलीबद्दल राग नाही. पण तिला कोणी वाढवलं, हे एका माणसाने माझ्यासमोर येऊन, मान वर करून सांगावं. शनिवारच्या चौकशीला मी येतो. तसं कोणी पुढे आलं नाही, तर हे लग्न इथेच थांबवू."

लग्नाचा हॉल दोन आठवड्यांनंतरचा होता.

सोमवारी कामावरून सुटल्यावर एस्तेर आली. समोर बसून माझ्या त्या सूचनापत्रकाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "अक्का, थांबवायचं असेल तर आत्ताच थांबवा. जोएलशी मी बोलले आहे. पण शनिवारी टीचरना सगळ्यांसमोर उभं करून काही विचारू नका. लहान असताना बाजारात बायका त्यांच्याकडे बघून काय कुजबुजायच्या, मला आता कळतं."

आणि ती बसला गेली. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. ते घड्यांचं पत्रक उलगडून मी त्यातली माझी उद्गारचिन्हं मोजत बसले.

तिघांचे लेखी जबाब बुधवारी आले. गार्ड अंकलचा जबाब अपघाताच्या अहवालासारखा होता: "आठ वाजून बावन्न मिनिटांनी मी स्वतःच्या जागेवरून निघालो (उभा राहिलो). सिग्नल मिळाला असा माझा समज होता. सिग्नल चुकीचा दिला गेला. दोष कचेरीचा." टेलर अंकलने लिहिलं होतं की हरकत अजिबात नाही, उलट वधूचा पोशाख अर्धा शिवून झाला आहे, आणि बाप कोणीही होवो, ब्लाऊजचं माप घेतल्यापासून पोरगी वाळली आहे, तिला कोणीतरी जेवायला सांगा. याकोब ताता लिहीत नाहीत. त्यांनी अंगठा उठवला आणि मला म्हणाले, "वरती तुला वाटेल ते लिही, पण चांगलं लिही."

हे जबाब रजिस्टरमध्ये कुठे आणि कसे नोंदवायचे, मला ठाऊक नव्हतं. म्हणून गुरुवारी दुपारी मी जुनी ओलैची रजिस्टरं काढून बसले. कधी काळी कोणी हरकत घेतली असेल, तर त्या नोंदीचा नमुना मिळेल. पानं उलटता उलटता हात काळे झाले. शेवटी एका रजिस्टरात सापडली. एकच.

पहिली ओलै वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओलैला हरकत. हरकत घेणारी व्यक्ती: वधू स्वतः. कारण: वधूने सांभाळायला घेतलेलं चार वर्षांचं मूल वराकडील मंडळी घरात घ्यायला तयार नाहीत. मूल वसतिगृहात ठेवावं अशी त्यांची अट. वधूला अट अमान्य. विवाह रद्द.

वधूचं नाव ग्रेस.

मी ते तीनदा वाचलं. मग कचेरीला कुलूप लावून टीचरच्या घरी गेले. त्या शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या. मी काय पाहून आले आहे, हे त्यांना माझ्या काळ्या हातांवरूनच कळलं असावं.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि एस्तेरला सांगणार नाहीस. वचन दे."

"पण का, टीचर? हे तर..."

"उद्गारचिन्हं नकोत. ऐक. तिला कळलं तर ती आयुष्यभर मनाशी म्हणत बसेल, माझ्यामुळे टीचरचं लग्न मोडलं. तिने नाही मोडलं. मी मोडलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, मी वर्षभरात विसरेन. पोर वसतिगृहात खिडकीशी बसून राहिली असती, आणि मी त्याच्या घरी फिल्टरला कॉफी लावली असती. मला जमलं नसतं. एवढंच. यात कोणावर उपकार नाहीत."

"हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"त्या दिवशी देवळात होते त्यातले बरेच गेले, काही गाव सोडून गेले. उरले ते तुझे तिघं." त्या पहिल्यांदा हसल्या. "बावीस वर्षं तोंड मिटून आहेत. त्यातला टेलर तर झोपेतसुद्धा बोलतो म्हणे. मी एकदाच सांगितलं होतं, पोरीच्या कानावर जाता कामा नये."

मग मला समजलं, ते तिघं एवढ्या उत्साहाने का उभे राहिले. बाईने एकटीने उचललेलं ओझं एका दिवसापुरतं का होईना, त्यांना खांद्यावर घ्यायचं होतं.

मी वचन दिलं. मी ते पाळलं. शनिवारी दुपारी चौकशीला सगळे जमले, तेव्हा मी एका शब्दाने काही बोलले नाही. मी फक्त जुनं रजिस्टर त्या पानावर उघडून पाळकांसमोर ठेवलं.

खोलीत पाळक, जोएल आणि त्याचे वडील, दोघं अंकल आणि ताता एका बाकावर, आणि कोपऱ्यात एस्तेर व टीचर. एस्तेरने टीचरना येऊ नका सांगितलं होतं. टीचर छत्री घेऊन आल्याच. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर लांबून ओळखलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने चाळीस वर्षं वर्ग गप्प बसले असणार.

पाळकांना नियमाखेरीज काही दिसत नाही हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्यावरच भिस्त ठेवली होती. त्यांनी चष्मा लावला. "नोंदीची पद्धत आधी पाहू. मागची हरकत कशी लिहिली आहे?" आणि ते मोठ्याने वाचू लागले. 'वधू स्वतः' आलं. 'चार वर्षांचं मूल' आलं. 'वसतिगृह' शब्दापाशी त्यांचा आवाज हळू झाला. वधूचं नाव त्यांनी वाचलंच नाही. फक्त वर बघितलं, थेट टीचरकडे.

टेलर अंकल म्हणाले, "मी काही बोललो नाही हं. सगळे साक्षीदार आहेत."

एस्तेर टीचरकडे वळली.  म्हणाली, "तुम्ही भर देवळात उभ्या राहिलात?"

"बसून बोललं तर मागच्या बाकाला ऐकू जात नाही," टीचर म्हणाल्या.

मग त्या उठल्या. छत्री खुर्चीला टेकवून ठेवली आणि जोएलच्या वडिलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला एक माणूस हवा होता. मी हिला जन्म दिला नाही. लोक म्हणतात, दिला. काय मानायचं ते तुम्ही ठरवा, मी खुलासे करत फिरणार नाही. पण गोवरात उशाशी मी होते, बारावीच्या निकालाला मी होते, आणि हिला वांगं आवडत नाही हे तुमच्या घरी सांगायचं कामही माझंच आहे. हिला मी वाढवलं."

जोएलचे वडील हातात एक कागद घेऊन आले होते. त्यावर क्रमांक घालून प्रश्न लिहिलेले मला दिसत होते. त्यांनी तो कागद खिशात घातला आणि उभे राहिले. बाकावरच्या तिघांनी श्वास रोखला. त्या आठवड्यात आमच्याकडे उभं राहणाऱ्या माणसाची फार धास्ती होती.

"माझ्याकडे नऊ प्रश्न होते," ते म्हणाले. "आता एकच उरला आहे. लग्नाच्या सकाळी कॉफी फिल्टरची असेल ना? पावडरची असली तर माझे मोठे बंधू हॉलमधून निघून जातात."

"फिल्टरची," टीचर म्हणाल्या.

"मग झालं, संबंधी अम्मा." त्यांनी हात जोडले. व्याह्यांना तमिळमध्ये संबंधी म्हणतात. त्या एका हाकेत ते टीचरना व्याहीण म्हणून टाकत होते. जोएलने मुठी उघडल्या. तोपर्यंत त्याने त्या मिटलेल्या होत्या, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पाळकांनी विचारलं, "तिघांच्या हरकतींचं काय लिहू?"

गार्ड अंकल उठले, सर्वांच्या वतीने म्हणाले, "मागे घेतल्या. कारण लिहा: आई हजर आहे."

"आणि आता आम्ही कुठे उभं राहायचं?" याकोब तातांनी विचारलं.

"बसा," टीचर म्हणाल्या. ते बसले.

मी अर्ज पुढे ओढला. 'वधूच्या वडिलांचं नाव' या छापील अक्षरांवर रेघ मारली, वर लिहिलं 'वाढवणाऱ्याचं नाव', आणि समोर ग्रेस टीचरचं पूर्ण नाव लिहिलं. पाळक म्हणाले, "छापील अर्जात असा बदल चालत नाही." मी म्हटलं, "मग सही करू नका, अय्या." त्यांनी थोडा विचार केला आणि रेघेशेजारी आपली आद्याक्षरं घातली. नियमाप्रमाणे, खाडाखोडीच्या शेजारी.

एस्तेर रडली नाही. तिने कोपऱ्यातली छत्री उचलली, टीचरच्या हातात दिली आणि म्हणाली, "अम्मा, चला. साडेचारची बस जाईल." आणि टीचर, ज्यांना मी कधीही कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं, निमूटपणे तिच्यामागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिसरी ओलै वाचली गेली. 'ग्रेस टीचर यांची मुलगी एस्तेर.' पाळकांनी कारण विचारलं आणि थांबले. टेलर अंकलना नेमकी तेव्हा खोकल्याची उबळ आली. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, लालबुंद झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण पाच आकडे होईपर्यंत माणूस हलला नाही.

लग्नाचं वर्णन करत नाही. कॉफी फिल्टरची होती.

एक गोष्ट मात्र मनात आहे. टीचर लग्नानंतर दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मी माफी मागायला गेले, तर दारातच म्हणाल्या, "वचन मोडलं नाहीस तू. वाकवलंस." ते बरोबर आहे. ज्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतःचं लग्न सोडलं, लोकांचं बोलणं सोसलं, आणि वर कोणाला कळूही दिलं नाही, ती मी एका पानाच्या जोरावर उघडी केली. लग्न झालं म्हणून मी बरोबर ठरत नाही. पण मला जास्त लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. न्याय-अन्यायावर इतकं बोलणारी मी नऊ वर्षं दर रविवारी त्या बाईंना पोरीशेजारी बसलेलं बघत होते, आणि तरी मी बाप शोधायला जाहिरात दिली. मला तो रकाना दिसत होता. माणूस दिसत नव्हतं.

मी वरच्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली आहेत की अर्ज बदला. पहिल्याला उत्तर आलं: 'विचाराधीन.' दुसऱ्याला अजून आलेलं नाही. अर्जाचा नवा गठ्ठा गेल्या महिन्यात आला. त्यात रकाना तोच आहे.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. शाळा असो, बँक असो, देऊळ असो की इस्पितळ, तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाला ज्याने खरोखर वाढवलं, त्याच्यासाठी छापील कागदावर जागा नसेल, तर रकाना रिकामा सोडू नका आणि खोटं नावही भरू नका. पेन काढा, छापील अक्षरांवर रेघ मारा, आणि त्या माणसाचं नाव लिहा. टेबलापलीकडचा कारकून म्हणेल, असं चालत नाही. तुम्ही तिथेच उभे राहा. खाडाखोडीशेजारी सही कशी करायची ते त्याला येतं.